पोपटांचा संकर : रान, पिंजरा आणि जोडीदाराची निवड
(जव्हार येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा प्रश्न सरळ आहे. पोपटाच्या दोन वेगळ्या जातींची जोडी जमते का, आणि जमली तर पिल्लं होतात का? उत्तर असं की होतात, पण जवळच्या नात्यातल्या जातींमध्येच. त्यातही मोकळ्या रानात हे क्वचितच घडतं. पिंजऱ्यात मात्र ते वारंवार घडतं. एकच पक्षी, त्याचं शरीर तेच, मग रान आणि पिंजरा यांत एवढा फरक का पडावा? माझं आजचं सगळं बोलणं या फरकाबद्दल आहे.

सुरुवात आपल्या घरापासून करू. जव्हारच्या पठारावर, मोखाड्याच्या डोंगरउतारांवर, सूर्यमाळच्या बाजूला जे पोपट दिसतात ते सगळे एका जातीचे नाहीत. पहिला आपला नेहमीचा कीर, म्हणजे राघू. नराच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी, लाल चोच, शेपटीसकट लांबी साधारण चाळीस सेंटिमीटर. नागली आणि भाताच्या कणसांवर थव्याने उतरतो तो हाच. दुसरा करण पोपट. तो किराचाच थोरला भाऊ वाटावा असा दिसतो, पण चांगला दीडपट लांब, चोच अवजड, आणि खांद्यावर तांबड्या रंगाचा ठसठशीत डाग. तिसरा तोईपोपट, या तिघांत सगळ्यात देखणा. नराचं डोकं जांभळट गुलाबी रंगाचं, चोच पिवळसर, शेपटीचं टोक पांढरं. उडताना तो ‘तुई, तुई’ असा गोड आवाज काढतो. किराचा कर्कश ओरडा आणि करण पोपटाचा घोगरा, खोल आवाज यांच्याशी त्याची गल्लत होणं शक्य नाही. याशिवाय सह्याद्रीच्या दाट झाडीत चिमणपोपट आहे, चिमणीएवढा, आखूड शेपटीचा. तो वटवाघळासारखा उलटा लटकून झोपतो.

आता पाहा, पहिल्या तिघांचं जगणं एकमेकांत किती गुंतलेलं आहे. तिघेही झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. तिघांचाही विणीचा काळ ढोबळमानाने हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की मधासाठी ते एकाच झाडावर येतात. उंबर पिकला की एकाच उंबरावर. कुटुरग्याने किंवा सुतारपक्ष्याने कोरून सोडलेलं भोक चोचीने मोठं करून तिघेही घर मांडतात. म्हणजे भेटीगाठींची काही कमी नाही. तरीही शेकडो पिढ्या शेजारी राहून कीर कीरच राहिला, तोईपोपट तोईपोपटच राहिला. या रानात कुठेही अर्धा कीर आणि अर्धा तोई असा थवा नाही.

याचं कारण जोडी जमण्याच्या रीतीत आहे. किराची मादी प्रियाराधनात फार ठाम असते. ती डोळे फिरवते, मान डोलावते, आणि नर फांदीवर ताठ पावलं टाकत जवळ येतो, चोचीला चोच लावतो, आपल्या पोटातलं अन्न तिला भरवतो. यातली एक पायरी चुकली तरी ती त्याला हुसकावून लावते. आवाज चुकीचा असेल, डोक्याचा रंग चुकीचा असेल, भरवण्याची पद्धत चुकीची असेल, तर तो नर तिच्या लेखी जोडीदार नव्हेच. शरीरं जुळण्याचा प्रश्न पुढचा. बहुतेक वेळा गोष्ट तिथपर्यंत पोचतच नाही. आकाराचाही भाग आहेच. करण पोपट दोनशे ते तीनशे ग्रॅम वजनाचा, तोईपोपट त्याच्या चौथाईएवढा. एकाला लागणारी ढोली दुसऱ्याला कामाची नाही.

आणि तरीसुद्धा संकर होतो. कसा होतो, ते सांगण्यासाठी मी तुम्हाला मुंबईच्या एका पोपटाची हकीकत सांगतो. पोपटांच्या संकराची आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही याची मला खंत वाटते.

1895 साली इंग्लंडमध्ये वॉल्टर रॉथशिल्ड यांनी एका नव्या पोपटाचं वर्णन प्रसिद्ध केलं. रॉथशिल्ड म्हणजे त्या बँकवाल्या घराण्यातले. ट्रिंग या गावी त्यांनी प्राण्यापक्ष्यांच्या नमुन्यांचा अफाट संग्रह उभा केला होता. त्यांच्या हाती आलेला पोपट तोईपोपटासारखा होता, पण पुरता तसाही नव्हता. डोक्याचा रंग अधलामधला, शेपटीचं टोक ना शुभ्र ना पिवळं. त्यांनी त्याला ‘इंटरमीडिया’ असं नाव दिलं. पुढे त्याच तऱ्हेची आणखी काही कातडी मिळाली. सगळी मिळून सातच. ती मुंबईच्या पक्षीबाजारातून गेल्याचं मानलं गेलं. रानात हा पक्षी कुणीही पाहिला नव्हता. कुठल्या डोंगरात राहतो, कुठे अंडी घालतो, काही ठाऊक नाही. आणि तरी पुस्तकांमध्ये ती एक स्वतंत्र, दुर्मीळ, बहुधा नामशेष होत चाललेली जात म्हणून जवळजवळ शंभर वर्षं नांदत राहिली.

1980 च्या दशकात मुंबईच्याच काही पक्षी-अभ्यासकांनी या कोड्याला पुन्हा हात घातला. साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या पोपटाच्या दर्जाविषयी लेख लिहिला. बाजारात येणाऱ्या पोपटांमध्ये त्यांना असे जिवंत पक्षी आढळले होते. त्यामुळे हा पक्षी खरोखरच कुठेतरी उत्तरेत आहे या मताला पुन्हा जोर आला. जिवंत पक्षी समोर आला की शंकेला जागा उरत नाही, असं आपल्याला वाटतं. इथे मात्र शंका वाढायला हवी होती, कारण पक्षी बाजारातलाच होता, रानातला नव्हता.

1999 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या पत्रिकेत याचा निकाल लावला. त्यांनी ती जुनी कातडी बाहेर काढली, पंख, शेपटी, चोच मोजली, रंग पिसागणिक तपासले. पंखांपासून शेपटीच्या टोकापर्यंत बहुतेक मापं दोन जातींच्या मधे कुठेतरी पडत होती, आणि एकेका नमुन्यात त्या मधल्या अंतराचं प्रमाण वेगवेगळं होतं. जात असती तर नमुने एकमेकांसारखे दिसले असते. ते तसे नव्हते. तो होता आपल्या तोईपोपटाचा आणि हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्या करड्या डोक्याच्या पोपटाचा संकर. त्या हिमालयी पोपटाच्या शेपटीचं टोक पिवळं असतं, तोईचं पांढरं; रॉथशिल्डना दिसलेलं ते ‘ना पांढरं ना पिवळं’ टोक त्यातून आलं.

याच पामेला रासमुसेन यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी दुसऱ्या एका कारणासाठी ऐकलं असेल. नोव्हेंबर 1997 मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या रानात, त्यांनी बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह रानपिंगळा पुन्हा शोधून काढला. शंभराहून अधिक वर्षं हा पक्षी शास्त्राला दिसलाच नव्हता. पुढे 2014 मध्ये तो इथून जवळच, तानसा अभयारण्यातही दिसला. रानपिंगळ्याच्या शोधातही त्यांनी आधी जुन्या कातड्यांची चिठ्ठ्यांसकट छाननी केली होती, आणि त्यातली एक चिठ्ठी चक्क खोटी होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या गृहस्थाने दुसऱ्याचा नमुना आपला म्हणून खपवला होता. एकीकडे पक्षी नाही म्हणून सोडून दिलेला आणि तो रानात निघाला. दुसरीकडे जात आहे म्हणून धरून ठेवलेली आणि ती जातच नव्हती. दोन्ही निकाल एकाच पद्धतीतून निघाले: नमुना नेमका कुठून आला हे आधी विचारायचं.

मग तो संकर कुठे झाला असेल? हिमालयाच्या पायथ्याला दोन्ही जातींच्या हद्दी एकमेकींना भिडतात, तिथे क्वचित झाला असेल. पण पक्षीबाजाराची रीत आठवा. वेगवेगळ्या ढोल्यांतून उचललेली पिल्लं एकाच टोपलीत, एकाच पिंजऱ्यात वाढतात. पक्ष्याच्या पिल्लाला आपली जात कोणती हे जन्मतः पूर्ण कळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत भोवती जो दिसतो, जो भरवतो, त्याचं रूप त्याच्या मनावर ठसतं. मोठेपणी जोडीदार शोधताना तेच रूप त्याला आपलं वाटतं. म्हणूनच हाताने वाढवलेला राघू कधी कधी माणसाच्या बोटाशीच प्रियाराधन करू लागतो. तोईच्या पिल्लाला करड्या डोक्याच्या पिल्लांत वाढवलं, तर पुढे त्याची निवड कशी चुकते ते सांगायला नको.

नात्याचा मुद्दा मात्र विसरू नका. सगळे पोपट सगळ्यांशी जुळत नाहीत. जगात पोपटांच्या सुमारे चारशे जाती आहेत. कीर, करण पोपट, तोईपोपट यांना आतापर्यंत एकाच वंशात धरत आले. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी तो वंश फोडावा की काय असा प्रश्न उभा केला आहे. तरी ती जवळची चुलत घराणी आहेत, म्हणून त्यांच्यात संकराला वाव आहे. आपला चिमणपोपट मात्र दिसायला त्यांचाच धाकटा वाटतो, पण त्याचं जवळचं नातं आफ्रिकेतल्या लव्हबर्डशी आहे. तो किराशी जोडी जमवू शकत नाही. दुकानात पिंजरा भरून ठेवलेले बजरीगर हे ऑस्ट्रेलियातले. त्यांचीही किराशी संतती होत नाही. ‘कीर आणि बजरीगरचा क्रॉस’ म्हणून कुणी काही विकत असेल, तर त्या पक्ष्यावर रंग चढवलेला असण्याचीच शक्यता जास्त.

आणि हो, पिवळा किंवा निळा कीर म्हणजे संकर नव्हे. एखादं जनुक बिघडलं की हिरव्यातला निळा रंग गळतो आणि पक्षी पिवळा होतो; पिवळा गळला की निळा होतो. आईबाप दोघेही कीरच. पाळणाऱ्यांनी अशा पक्ष्यांची निवड करून त्यांचे रंग वाढवले. त्यात दुसऱ्या जातीचं रक्त नाही.

संकर झाला तरी पुढे काय होतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी लव्हबर्डवर केलेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. 1962 मध्ये त्यांनी तो लिहिला. लव्हबर्डची एक जात, गुलाबी तोंडाची, घरट्यासाठी पानांच्या पट्ट्या फाडून पाठीमागच्या पिसांत खोचते आणि एकाच फेरीत बऱ्याच पट्ट्या नेते. फिशर लव्हबर्ड एकेक पट्टी चोचीत धरून नेतो. डिल्गर यांनी या दोघांची जोडी लावली. पिल्लं झाली, मोठी झाली, आणि घरटं बांधायच्या वेळी त्यांची पंचाईत झाली. पट्टी पिसांत खोचायला मान मागे वळवायची, पण खोचून सोडायची विसरायची. नाहीतर भलत्याच जागी खोचायची. पट्टी खाली पडायची. चोचीत धरली तरच ती घरट्यापर्यंत पोचायची. हे त्यांना हळूहळू उमगलं. तीनेक वर्षांनी ते बहुतेक वेळा चोचीनेच पट्ट्या नेऊ लागले. तरीही उडण्याआधी मान मागे वळवण्याची ती लकब गेली नाही. आणि हे पक्षी वांझ होते. दोन जातींचा स्वभाव एका अंगात आला, पण घर बांधायला दोन्ही अपुरे पडले.

वांझपणाविषयी एक नियम आहे, तो 1922 मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी मांडला. हे हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचा नियम असा: संकरात एखादं लिंग कमी पडत असेल, दुबळं असेल किंवा वांझ असेल, तर ते बहुधा असतं ज्याची दोन लिंगगुणसूत्रं वेगवेगळी आहेत ते. माणसात ती नराची असतात, पक्ष्यांत मादीची. म्हणून पक्ष्यांच्या संकरात माद्या जास्त हाल सोसतात. सगळेच संकर वांझ असतात असं नाही. पिंजऱ्यात निळा-सोनेरी मकाव आणि लाल मकाव यांच्यापासून निघणारा ‘कॅटलिना’ मकाव पुढेही पिल्लं देतो. केनियात नैवाशा सरोवराभोवती पिंजऱ्यांतून सुटलेल्या दोन जातींच्या लव्हबर्डची मिश्र प्रजा आज मोकळी उडते.

नैवाशाचं हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण माणसाचा हात लागला की असं इतरत्रही घडतं. आपला कीर युरोपातल्या कितीतरी शहरांत पिंजऱ्यातून सुटून स्थायिक झाला आहे. काही ठिकाणी थोडे करण पोपटही सुटले. तिथे करण पोपट मूठभर आणि कीर भरपूर. आपल्या जातीचा जोडीदार मिळेना म्हणून करण पोपटाने किराशी जोडी केल्याची आणि मिश्र पिल्लांची नोंद तिथे झालेली आहे. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांमध्ये मँगेरे नावाचं लहानसं बेट आहे. तिथलं जंगल मेंढ्यांसाठी साफ केलं गेलं. तिथला फोर्ब्स पोपट इतका कमी झाला की तो शेजारच्या लाल मस्तकाच्या पोपटाशी मिसळू लागला. त्याची जात टिकावी म्हणून संवर्धकांना मिश्र पक्षी वेचून काढावे लागले.

सगळ्यात जिव्हारी लागते ती ब्राझीलची गोष्ट. बाहिया राज्यात कुरासा या गावाजवळ 1990 मध्ये स्पिक्स मकाव या निळ्या पोपटाचा रानातला अखेरचा नर सापडला. बाकीचे बहुतेक चोरीने विकले गेले होते. तो एकटा नर दुसऱ्याच एका जातीच्या, मराकाना मकावच्या मादीबरोबर राहत होता. दोघं रोज बरोबर उडायची, ढोलीत बसायची. मादीने अंडी घातली, पण पिल्लू जगलं नाही. 1995 मध्ये त्याच्याच जातीची एक मादी पिंजऱ्यातून रानात सोडली. काही आठवड्यांतच ती दिसेनाशी झाली. तो पुन्हा आपल्या जुन्या जोडीदारिणीकडे गेला. 2000 च्या ऑक्टोबरनंतर तो कुणाला दिसला नाही. मुलांनी ‘रिओ’ हा चित्रपट पाहिला असेल. त्यामागे ही हकीकत आहे. 2022 मध्ये पिंजऱ्यात वाढवलेले स्पिक्स मकाव त्याच भागात पुन्हा सोडण्यात आले.

चॅटम, युरोप, ब्राझील, मुंबईचा बाजार. चारही ठिकाणी पक्ष्याने आपला जोडीदार आपण निवडलेला नाही. त्याच्यापुढची निवडच काढून घेतली गेली: कुणी रान तोडून, कुणी पिल्लू चोरून, कुणी पिंजऱ्यात कोंडून. जिथे आपल्या जातीचे पुरेसे पक्षी आहेत, ढोल्या आहेत, मोकळं आभाळ आहे, तिथे पोपट सहसा चुकत नाही. आपलं रान याचा पुरावा आहे, आणि म्हणूनच ते मला जपावंसं वाटतं.

त्याला धोका दोन बाजूंनी आहे. एक ढोल्यांचा. जुना मोह, जुना ऐन, वठलेला आंबा ‘कामाचा नाही’ म्हणून तोडला की तीनचार घरटी एकदम जातात, आणि उरलेल्या ढोलीसाठी पोपट, साळुंकी, पिंगळा सगळे भांडत बसतात. करण पोपटाला तर मोठी ढोली लागते. ती फक्त म्हाताऱ्या झाडात असते. नागलीच्या शेतात पोपट उतरतात तेव्हा शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे मी नाकारत नाही. राखणीला बसलेल्या पोरांची गोफण हा त्यावरचा जुना इलाज आहे, आणि तो ढोली तोडण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

दुसरा धोका पिल्लांच्या चोरीचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपले सगळे देशी पोपट संरक्षित आहेत. पकडणं, विकणं, घरात पाळणं हा गुन्हा आहे. ‘आमच्या आजोबांपासून पाळतो’ असं म्हणून सुटका होत नाही. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर खबर देता येते. पण जप्त झालेल्या पक्ष्यांचं पुढे काय, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. एखाद्या गाडीत पोपटांचे पिंजरे सापडले, तर ते घाईने जवळच्या रानात मोकळे करणं सोपं आणि फोटोला छान. पण त्यात हिमालयाच्या पायथ्याचे करड्या डोक्याचे पोपट असतील, तर? लहानपणी तोईंबरोबर एका पिंजऱ्यात वाढलेले, आपल्या जातीचा एकही साथीदार नसलेले चारदोन पक्षी इथे सोडणं म्हणजे रॉथशिल्डचा पोपट इथे नव्याने घडवण्याची तयारी करणं आहे. आधी जात ओळखायची, मूळ मुलूख शोधायचा, आजार तपासायचे, मगच त्याला त्याच्या मुलखात सोडायचं. यात वेळ जातो. तो द्यायला हवा.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी. तुमच्या पाड्यावर कधी विचित्र पोपट दिसला, तर लगेच संकर म्हणू नका. तोईपोपटाच्या मादीचं डोकं राखाडी असतं आणि गळ्याभोवती पिवळी पट्टी असते. नर पाहिलेल्याला ती वेगळ्या जातीची वाटते. तोईच्या पिल्लाचं डोकं हिरवं असतं. कंठी नसलेला कीर म्हणजे मादी किंवा कोवळा नर. एवढं वगळूनही तो बसत नसेल, तर खांद्यावर तांबडा डाग आहे का, शेपटीचं टोक पांढरं की पिवळं, चोच लाल की पिवळी, आवाज कसा, ते लिहा. फोटो काढा, पण ढोलीजवळ जाऊ नका. झाड कोणतं, तारीख कोणती, वेळ कोणती, हेही लिहा. आणि त्याच्या शेजारी फांदीवर कोण बसलं आहे ते न चुकता टिपून घ्या. तो पक्षी कुठून आला याचा माग बऱ्याचदा त्या सोबत्यावरूनच लागतो.